कमरेला खोचलेले टोपडे

आमच्या नातवाला जन्मताच रडता आले नाही. सून पहिल्या बाळंतपणासाठी नायगावला माहेरी गेली होती. प्रसूती लांबली, बाळाला प्राणवायू कमी पडला, आणि श्वास सुरू करून देताच डॉक्टरांनी त्याला तातडीने नांदेडच्या रुग्णालयात हलवले. मी लातूरहून पोचले तेव्हा नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, मांडीवर गाठोडे घेऊन बसल्या होत्या. त्यात दुपटी, ओव्याची पुरचुंडी आणि जुन्या मऊ लुगड्याचे त्यांनी स्वतः शिवलेले टोपडे होते.

"उघडं ठेवलंय ओ त्याला," मला पाहताच त्या म्हणाल्या. "वरून गार करून राहिलेत. लेकराला असं कुणी करतं का?"

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवून समजावले. प्राणवायूअभावी मेंदूला झालेली इजा तिथेच थांबत नाही, नंतरही पसरत जाते. शरीर थोडे थंड ठेवले तर तिचा वेग मंदावतो. तीन दिवस असे ठेवायचे, मग सावकाश ऊब द्यायची. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. "उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून तपेली गार पाण्यात ठेवता ना आजी? तसंच समजा."

"माझा नातू काय दूध हाय व्हय?" विहीणबाई फणकारल्या.

त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. शेक, शेगडी, धुरी, घट्ट बांधलेले कान. आमच्याकडे बाळाची सारी माया उबेतूनच व्यक्त होते. त्यांनी आपली सगळी लेकरे अशीच वाढवली होती, आणि मीही माझा मुलगा.

दुसऱ्या दिवशी आत जाण्याची पाळी माझी होती. मी उठताच त्यांनी टोपडे माझ्या हातात कोंबले.

"तुम्ही शिकल्यासवरल्या. तुमच्याकडं कुणी बघायचं न्हाई. टाळू तेवढी झाका."

वर्गात जन्मभर बोलले, तरी वर्गाबाहेर कुणाला 'नाही' म्हणणे मला कधी साधले नाही. मी टोपडे कमरेला खोचले, हात धुतले आणि आत गेले.

थंड गादीवर तो निपचित होता. पावलाला बोट लावले. पहाटेच्या माठासारखा गारवा होता. परिचारिका पाठमोरी होती. माझा हात आपसूक कमरेकडे गेला. तेवढ्यात त्याची टाळू दिसली. तिथली कातडी हलकेच उडत होती. जे वाचवण्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, ते त्या पातळ पडद्याखालीच होते. मी हात मागे घेतला.

"मी घातलं नाही," बाहेर येऊन म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. बाकांवरच्या बायका वळून पाहू लागल्या. "त्याला गारच राहू द्यायचं."

"मास्तरीण ती मास्तरीणच!" विहीणबाई तोंड फिरवून म्हणाल्या. मी टोपडे परत करू लागले, तर त्यांनी हात पदराआड घेतला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माझ्यापाशी ऱ्हायलं तर मी घालीनच."

पुढे बाळाला हळूहळू ऊब देण्यात आली, आणि एका सकाळी परिचारिकेने अंगडे-टोपडे मागितले. विहीणबाईंनी माझ्यापुढे हात केला. मी कमरेचे टोपडे काढून दिले.

"गरम हाय की!" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसल्या.

टोपड्याचे बंद बांधताच त्याने तोंड वाकडे केले आणि तो रडला. बारीक, पण चांगलाच रागावलेला आवाज होता.

त्यानंतरही तपासण्या चालू राहिल्या. मान धरली, बसला, चालला. प्रत्येक वेळी आम्ही दोघी फोनवर एकदमच बोलायचो. आता तो अंगणवाडीत जातो. थंडीत टोपी घातली की उपसून भिरकावतो.

"तुमच्यावर गेलाय," विहीणबाई म्हणतात. "डोस्क्यावर काही घालू देत न्हाई."