वाडा औंदा कुणीकडं?

"बाई, तुमच्या ईशान्येला डस्टर आहे, जरा द्या की."

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर असंच बोलायचे. डावं-उजवं त्यांच्या तोंडी कधी नव्हतंच. मी बिचारी गणिताची बाई, ईशान्य शोधायला खिडकीतून सूर्य बघेपर्यंत ते स्वतःच उठून डस्टर घ्यायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणाले, "अहो, दक्षिणेला भात संपलाय." तो भला माणूस भाताचं पातेलं घेऊन थेट मांडवाबाहेर गेला!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे आमची शाळा. सरांचं घर दौंडला, रेल्वे कॉलनीत. इथं भाड्याची खोली. पर्जन्यछाया शिकवताना ते बाक आडवा टाकायचे, म्हणजे सह्याद्री. पलीकडून तांब्याभर पाणी ओतायचे आणि अलीकडच्या पोरांना विचारायचे, "तुम्हाला काय मिळालं?"

"वारं!" पोरं ओरडायची.

"पाऊस नाही म्हणून चारा नाही. चारा नाही म्हणून कोण हलतं?"

मग मागच्या बाकांवरचे हात वर व्हायचे. ती धनगरांची मुलं. घरी आता शेती होती, पण दिवाळी झाली की काही घरं अजूनही मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं घेऊन निघायची. त्या चालत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. एरवी मास्तरांसमोर खाली बघणारी ही पोरं त्या तासाला छाती काढून बसायची.

आणि नेमकं हे हलणंच सरांच्या मुळावर आलं. वाडे निघून गेले, वर्ग रिकामा झाला, आणि तपासणीचे साहेब येणार असं कळलं. पट भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली तर सगळ्यांच्या नंतर लागलेला मास्तर अतिरिक्त. म्हणजे आमचे सर. हेडसर हळूच म्हणाले, "लावून टाका हजेरी." सर म्हणाले, "पोरं आहेत हो. फक्त इथं नाहीत."

साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं, वर विचारलं, "जीप आहे ना तुमची? चला, दाखवतो." साक्षीला मला घेतलं. वाटेत भूगोल चालूच. पाणी, काळी जमीन, कापणी झालेली रानं; वाडा भीमेकाठीच बसलेला असणार, अशी त्यांची खात्री. काठावर पोचलो तर तिथं चार बगळे! साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी बगळ्यांकडे.

शेवटी चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, "मेंढरं व्हय? ती वरल्या माळाला हायत. पाव्हण्यात लगीन हाय त्यांच्या."

त्या माळावर गवताची काडी नव्हती. पण वाडा होता आणि आमची पोरं होती, कपाळाला हळद फासलेली. सर खो खो हसले. "बघा साहेब, हा मानवी भूगोल. पुस्तकात लग्न घालायचं राहूनच गेलंय!"

साहेबांनी दगडावर बसून हजेरी घेतली. प्रत्येक "हजर"मागून कोकरू ओरडायचं. एका मुलीला त्यांनी विचारलं, "पृथ्वी स्वतःभोवती कुणीकडून कुणीकडं फिरते?" तिनं आधी सूर्य बघितला, मग जागच्या जागी एक गिरकी घेतली. "मावळतीकडनं उगवतीकडं." साहेब खूष झाले. लग्नाची लापशीही जेवले.

वाटलं, जिंकलं! पण वरच्या कचेरीचं उत्तर आलं: शाळेबाहेरची हजेरी धरता येत नाही. तुकडी गेली. सरांना दौंडची शाळा मिळाली. "घराजवळ गेलात की," आम्ही सगळे म्हणालो. "हो ना, बरंच झालं," म्हणत ते नकाशे गुंडाळत राहिले. मला रडू आवरेना. मग तेच मला समजवायला लागले, अंतर फारसं नाही म्हणून. पुढं महिनाभर स्टाफरूममध्ये सगळे डावं-उजवंच बोलायचे, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर वाडा शाळेवरून निघाला. घोडीवर सामान, सामानावर कोंबड्या. त्या गिरकीवाल्या मुलीचे वडील पुढं चालत होते. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "आप्पा, यंदा कुणीकडं?"

"दौंडाच्या अंगाला."

"तिकडं तर चारा नाही म्हणतात औंदा."

"न्हाई तर न्हाई. मेंढरं चालत्याल की जरा जास्ती," मुंडासं सारखं करत आप्पा म्हणाले. "पोरांचं सर तिकडं हायत न्हवं? आमी हाय तवर बसत्याल त्यांच्या वर्गात."