दादाजींनी आभाळात दिलेला हाकारा

गुडीहत्नूरच्या शिवारात दादाजींच्या आवाजाची मोठी ख्याती. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की हे मचाणावर चढत आणि असा हाकारा देत, की आपल्या वावरातले पोपट तर उठतच, शेजाऱ्याचेही उठत. शेजारी म्हणे, आपली राखण फुकटातच होते. असा हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर गावच्या बसमधून नेपाळला, पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेला.

परतताना बस पोखऱ्याला थांबली. तिथं डोंगरावरून माणसं रंगीबेरंगी छत्र्यांना लटकून उडत होती. दादाजी मान वर करून पाहतच राहिले.

"मी बी उडतो," ते म्हणाले.

रुक्माबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी फडक्यात बांधत होती. "काऊन? जमीन टोचून राह्यली का तुमाले?"

व्याही रामाजींना तर आयतीच संधी मिळाली. "जाऊ द्या, विहीणबाई. अर्ध्यातूनच आरडत खाली येतीन. गावात सांगाले बरं होईन."

हे मात्र दादाजींना झोंबलं. "इवाई, सगळ्याइच्या शेवटी मी उतरीन. पाहत राहा."

चारचौघांत बोलून बसले, आता माघार कशी घेणार? गावात गेल्यावर रामाजींनी वर्षभर तेच दळण दळलं असतं.

डोंगरमाथ्यावर नेपाळी पायलटानं त्यांना पुढं घेतलं, पट्टे आवळले, स्वतः मागं राहिला. "बाबा, डर लगे तो ज़ोर से चिल्लाना. तुरंत नीचे ले जाऊँगा."

"डर काहेका," दादाजी म्हणाले.

"दौड़ो," म्हणताच धोतराचा काचा सावरत पळाले. जमीन संपली तरी पाय आपले पळतच होते. मग छत्रीनं दोघांना अलगद उचललं. खाली तळं, भाताच्या पायऱ्या, खेळण्यातली असावीत तशी घरं. दादाजींना एवढं हसू येत होतं, की दाढा दुखायला लागल्या.

तेवढ्यात अंगावरून सावली सरकली. ही एवढी मोठी घार, हात पुरेल इतकी जवळ. इथं सवयीनं घात केला. काही कळायच्या आत दादाजींचा हात गोफणीसारखा फिरला आणि गळ्यातून निघालं, "हाऽऽ हो, हाऽऽ हो रेऽऽ."

"ठीक है बाबा, घबराओ मत, उतर रहे हैं," पायलट म्हणाला आणि त्यानं दोर ओढला. छत्री कलली. जमीन वर यायला लागली.

आता मात्र दादाजी हबकले. "अरे, डर के नहीं चिल्लाया. घार को भगाया. खेत में ऐसाच भगाते."

"सब यही बोलते हैं, बाबा."

दादाजींनी तळहात त्याच्यासमोर धरला. "देख. हलता क्या?"

हात ओट्यावर ठेवल्यासारखा स्थिर होता. पायलट खळखळून हसला आणि त्यानं दोर सैल सोडला. "उनको भगाना मत. वो जहाँ घूमते हैं, वहीं हवा ऊपर उठती है. हम उन्हीं के पीछे जाएँगे."

जन्मभर ज्याला पाखरं हाकलायचं ठाऊक, त्याला आता पाखराच्या मागं जायचं होतं. घार वळली की छत्री वळे, घार वर गेली की दादाजीही वर. पुन्हा हाकारा सुटू नये म्हणून त्यांनी तोंडावर हातच दाबून धरला होता. दुसऱ्या छत्र्या एकेक करून तळ्याकाठी उतरल्या. हे घिरट्या घालतच राहिले आणि सगळ्यांच्या शेवटी गवतावर बुड टेकवून उतरले.

रामाजी तयारच होते. "आवाज आला होता, इवाई. घाबरले होते ना?"

"घाबरले म्हंजे हे मुके होतेत," रुक्माबाई म्हणाली. "तो आवाज वावरातला होता. मी तवाच वळखला."

रामाजी थोडे दबले, पण हार मानतील तर रामाजी कसले. "मंग त्याच्यानंतर इतका वेळ मुके काऊन होते?"

दादाजींनी धोतराला चिकटलेलं गवत झटकलं. "घारीच्या घरी गेलो होतो ना. पाहुण्यानं तिथं आरडाव काय?"