दोन सुरांतलं बोलणं

अर्धांगाच्या झटक्यातून माझे हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. डोक्यात शब्द असायचा, तोंडातून भलताच आवाज निघायचा. आमच्या कोपरीच्या भजनी मंडळातले मित्र भेटायला आले आणि त्यांनी अभंग धरला, तेव्हा मात्र मी तो अख्खा म्हटला. बायको रडायलाच लागली.

त्यावरून वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी वाट काढली. वाक्य दोनच सुरांत म्हणायचं, एक खालचा, एक वरचा, आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा. धड गाणं नाही, धड बोलणं नाही. पण शब्द बाहेर पडायचे. घरात मला त्याचं काही वाटेनासं झालं. बाहेर मी तोंड उघडत नसे. दूधवाल्यालाही बोटांनीच दाखवायचो.

मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं कल्याणहून पहिल्यांदाच घरी येणार होती. तुम्ही नाही बोललात तरी चालेल, असं बायको म्हणाली. मला ते लागलं. मुलीचा बाप नुसता बघत बसणार? मी एकच वाक्य घोटून ठेवलं.

मंडळी आली. मी ठेका धरला आणि सुरू केलं, "या-आ, ब-सा..." मुलाच्या आत्याला वाटलं, मी स्तोत्र म्हणतोय. तिने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. तिचं बघून सगळ्यांनीच जोडले. मधेच थांबलो तर माझे पुढचे शब्द हरवतात. म्हणून त्या जोडलेल्या हातांसमोर "प्र-वास क-सा झा-ला" हे शेवटपर्यंत म्हणावं लागलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"बाबा विचारतायत, प्रवास कसा झाला," मुलगी शांतपणे म्हणाली. एकेकाचे हात खाली गेले. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

ती मागोमाग आली. मला लाज वाटते, एवढंच तिला सांगायचं होतं. तेही ओट्यावर ठेका धरून, सुरातच सांगावं लागलं. स्वतःचं ते ऐकून कान आणखी तापले.

माझं संपेपर्यंत ती थांबली. "वाटू दे, बाबा. पण बाहेर चला, ते थांबलेत."

गेलो. मान खाली घालून बसलो. लग्न ठरलं, पारही पडलं.

व्याह्यांचा फोन आला की मी तो बायकोकडे देतो. परवा ती भाजी आणायला गेलेली, म्हणून उचलावा लागला. ती बाहेर गेली आहे, हे सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "बरं, आणि तुम्ही कसे आहात?"

मी ठेका धरला, पण तोंड उघडेना. फोन ठेवून दिला.