सहा जुलैचं घरटं

मोनास्तिरच्या बंदरामागे नझीहाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया, आणि बोलायला लागली की समोरच्याची सुटका नाही. समुद्री कासवांची घरटी जपणाऱ्या आमच्या कासवमंडळाचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला. अंडी घातल्याची तारीख टाकली की आजवर किती दिवस झाले ते तो सांगतो. पिल्लं दोन महिन्यांच्या आत बाहेर येतात. त्याहून उशीर झाला की घरटं गेलं समजून, आत काय झालं ते बघायला वाळू उकरायची.

त्या ऑगस्टमध्ये प्रोग्रॅमच्या यादीत एका घरट्यापुढे उशिराची लाल खूण आली. मंडळाचे प्रमुख मोहरेझ सर आणि मी सकाळीच कुरिआत बेटावर उकरायला गेलो.

तिकडे दुकानात, तिनेच नंतर सांगितलं तसं, नझीहा पडद्यावर त्याच घरट्याची तारीख बघत होती. जिलानीकाका नावाडी फोन दुरुस्तीला येऊन बसले होते.

"सात जून?" ती ओरडली. "काका, सात जूनला तर माझं लग्न होतं! अख्खं मंडळ कुसकुस चापत बसलं होतं. बेटावर कोण कडमडायला गेलं?"

"मी तर तुझ्या सासऱ्याबरोबर नाचत होतो, बाई."

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही लिहिलं होतं सहा-सात, म्हणजे सहा जुलै. प्रोग्रॅमने अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचला होता. वीस-सात असतं तर विसावा महिना नसतोच, म्हणून ते सरळ वाचलं जायचं आणि चूक लपून राहायची.

"काका, उठा! बोट काढा! अंडी जिवंत असतील, आणि ते दोघं उकरायला गेलेत!"

"अगं, फोन लाव की."

"बेटावर रेंज कुठली? चला!"

मी कोपरापर्यंत वाळूत हात घातला होता, तेवढ्यात समुद्रावरून किंकाळी आली. नझीहा कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून धावत येत होती.

"हात लावू नका! जुलै आहे, सर, जुलै!"

"ऑगस्ट चाललाय," मोहरेझ सर मला म्हणाले. "हिला ऊन लागलं वाटतं."

धापा टाकत तिने तारखेचा घोळ सांगितला. आम्ही तिघांनी ओंजळींनी वाळू परत लोटली. त्याच संध्याकाळी तिने प्रोग्रॅम सुधारला, शिवाय महिना अक्षरात लिहायची सक्ती केली.

महिनाअखेरीला, पहाटे, ती वाळू हलली. आधी एक काळं डोकं, मग उकळत्या दुधासारखी पिल्लंच पिल्लं वर आली! त्यांतलं एक, वाट चुकून, नझीहाच्या चपलेवर चढलं. कधी नव्हे ती गप्प, श्वास रोखून उभी राहिली. पिल्लू उतरलं, वळलं, लाटेत शिरलं, आणि मोहरेझ सर लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले.