रेवणप्पांची नायलॉनवरची गाडी

१९८२च्या पावसाळ्यात चाकूरकडं पाऊस आला नाही. त्याच्याऐवजी जिल्हा आला. लातूर उस्मानाबादेतून सुटून वेगळं झालं आणि विहिरींचे तळ उघडे पडलेल्या गावांतही लोक एकमेकांना पेढे भरवायला लागले. नव्या कलेक्टर साहेबांच्या स्वागताला लातुरात मिरवणूक निघणार होती. चाकूरचे आडते रेवणप्पा त्यात आपल्या अमेरिकन गाडीतून जाणार होते. पायी गेले असते तर जिल्ह्याचं काय झालं असतं, कोण जाणे.

गाडी हैदराबादहून आणलेली. आठ सिलिंडरची, बैठकीच्या खोलीएवढी लांब, आणि पेट्रोल असं पिणारी की दुष्काळ फक्त माणसांनाच आहे असं वाटावं. पण हल्ली ती चालली की दारं आपोआप उघडायची. म्हणून ती शिवमूर्ती मिस्त्रीच्या शेडमध्ये आली.

शिवमूर्ती बसस्टँडमागं जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गाडीबद्दल खोटं बोलता येत नाही, ही त्याची मोठी खोड. त्यामुळं त्याचा धंदा जेमतेम होता आणि गावात इज्जत भरपूर. ती चुलीवर शिजत नाही, असं त्याची बायको शिवकांता अधूनमधून सांगायची.

तो गाडीखाली शिरला आणि हातात काळा भुगा घेऊन बाहेर आला.

"अप्पा, वरची बॉडी आन् खालची चेसी यांच्या मधी रबराचे बारा गट्टू असतात. त्यांचा पार चुरा झालाय. लोखंडावर लोखंड आपटून राहिलंय."

"मग नवे घाल."

"अमेरिकेचे हितं कुठं मिळतेत? त्याच तोडीचं रबर शोधावं लागंल. लई मऊ घेतलं तर बॉडी बसंल, लई कडक घेतलं तर हादरा वर येईल आन् काच तडकंल."

रेवणप्पांचे साडू लातुरात राहायचे. जिल्हा झाल्यापासून त्यांना सगळ्याच विषयांतलं कळायला लागलं होतं. ते म्हणाले, "रबर कशाला? नायलॉन टाका. लेथवर काढून देतेत. पांढरं शुभ्र, जल्मभर झिजत न्हाई."

पांढरं शुभ्र म्हटल्यावर रेवणप्पांचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी नायलॉनच्या चकत्या हजर. शिवमूर्तीनं एक चकती टेबलाच्या लोखंडी शिकंजात आवळली. ती तसूभरही दबली नाही.

"अप्पा, ह्याच्यापरीस दगड ठेवा. तेवढाच खर्च वाचंल."

"गाडी कुणाची हाय? तुझी का माझी?"

शिवमूर्तीनं चकत्या ठेवून घेतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या बाबतीत लबाडी करायचं त्यानं ठरवलं. जुन्या ट्रकच्या इंजिनाखाली बसतं ते रबर त्यानं भंगारातून वेचून आणलं. एकेक तुकडा दिवसभर शिकंजात दाबून ठेवला, सोडल्यावर किती फुगून वर येतो ते पाहिलं. दमदार होते ते पुढच्या काचेखाली, जरा नरम होते ते मागच्या सीटखाली. नायलॉनच्या चकत्या आतून कोरून त्यांची नुसती गोल कडी केली आणि रबराभोवती बांगडीसारखी चढवली. वाकून बघणाऱ्याला पांढरं शुभ्रच दिसावं.

मिरवणुकीत गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. रेवणप्पांनी साहेबांपेक्षा जास्त हात हलवले. जो भेटेल त्याला ते वाकायला लावून गाडीखालचं दाखवत. "नायलॉन! मिस्त्री न्हाई म्हणत होता. मी म्हणलं, बसीव गपचिप."

शिवमूर्ती हे सगळं ऐकून घ्यायचा. शिवकांता म्हणाली, "अहो, एक डाव खोटं बोललात तर किती नाव झालं बघा." त्याला काही हसू आलं नाही.

पंधरा दिवसांनी निवृत्ती आला. तो खेड्यांना पाणी पुरवणारा टँकर चालवायचा. टाकी हिसक्यानं हलत होती आणि तो रेवणप्पांच्या गाडीची कीर्ती ऐकून आला होता. सोबत नायलॉनचे जाड ठोकळेही आणले होते. रेवणप्पा तिथंच खुर्चीवर बसून सल्ला देत होते.

"घाल रे, शिवमूर्ती. माझ्या गाडीला घातलंस तसंच."

शिवमूर्तीनं टाकीखाली पाहिलं. खड्ड्यात पहिला हादरा बसला की वेल्डिंग सुटणार आणि तीन गावांचं पाणी रस्त्यावर जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं पाना खाली ठेवला.

"अप्पा, तुमच्या गाडीत नायलॉन न्हाई. रबर हाय. वरून नुसती नायलॉनची कडी घातलीयात."

शेडमध्ये सातआठ माणसं होती. कुणीतरी खोकलं. रेवणप्पांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"मला फसवलंस?"

"हाव. फसवलं. गाडीची काच वाचावी म्हणून फसवलं. पर ह्या टाकीत लोकांचं पाणी हाय, हितं मला गप बसता येत न्हाई."

रेवणप्पा उठून गेले. चाकूरच्या मिस्त्रीला अक्कल नाही हे सिद्ध करायला त्यांनी गाडी लातूरला नेली आणि रबर काढून अस्सल नायलॉन बसवून घेतलं. परत येताना अर्ध्या वाटेतच पुढच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. घरी पोचल्यावर ते म्हणाले, काच अमेरिकेची होती, तिला इकडचं ऊन मानवलं नाही.

शिवमूर्तीकडं ते पुन्हा कधी आले नाहीत. त्याला वाईट वाटलं, कारण गाडी त्याला मनापासून आवडली होती. निवृत्तीच्या टाकीखाली मात्र त्यानं रबर बसवलं, आणि पहिल्या फेरीला स्वतः शेजारी बसून गेला. कच्च्या रस्त्यावर तो सारखा मागं वळून टाकीकडं पाहत होता. वस्तीवर टँकर थांबला तेव्हा बायका घागरी घेऊन धावल्या, ढकलाढकली झाली, एकीनं त्यालाच दम भरला, "बाजूला व्हा की, उगंच मधी काय उभारलाव?"

तो बाजूला झाला आणि टाकीखाली वाकून गळती शोधायला लागला. एक थेंबसुद्धा नव्हता.