चिक्कडपल्ली ते पारो, बिऱ्हाडासकट

भाऊबीज झाली त्याच्या आठव्या दिवशी, सकाळी सहाला, मी चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली. स्टिअरिंगवर मी, म्हणजे एकसष्ट वर्षांची, नारायणगुड्याच्या शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई. शेजारी मांडीवर नकाशे घेऊन माझे यजमान माधवराव. मागे पलंग, ओटा, शेगडी, चार खण आणि दिवाळीचा उरलेला फराळ. आधी नेपाळ, मग भूतान, मग घर, असा सहा आठवड्यांचा बेत होता. गल्लीच्या तोंडाशी माझे धाकटे दीर श्रीपाद भावजी हात मागे बांधून उभे होते.

"वहिनी, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" ते म्हणाले. "नागपूरहून परत फिरलात तरी आम्ही हसणार नाही, हौ."

मी काच वर केली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली.

हा बेत म्हणजे साठीनंतरचं खूळ नव्हतं. तीस वर्षं मी मुलींना भिंतीवरच्या नकाशात छडीनं हिमालय दाखवला. माधवराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे. आम्हा दोघांना मिळून सगळा हिमालय तोंडपाठ होता आणि मूठभर बर्फ कुणी बघितलेला नव्हता. निवृत्तीनंतर गाडीतच घर करून जायचं, असं आमचं कधीचं ठरलं होतं.

तेवढ्यात राज्याचे दोन भाग व्हायचे ठरले. राज्य वाटायचं म्हणजे नकाशेही वाटायचे, म्हणून खात्यानं निवृत्त माधवरावांना पुन्हा बोलावून घेतलं. कुठला नकाशा कुणाकडे जाणार ते लावायचं. कृष्णेचे दोन्ही काठ एकाच कागदावर असले तर त्याची हुबेहूब प्रत काढायची. सहा महिने हे दिव्याखाली मान घालून बसले. एक दिवस त्यांचा तरुण साहेब एक प्रत घेऊन घरी आला. काम नेहमीसारखं मोत्यासारखं होतं, पण डावीकडची चार बोटं जागा कोरी. माधवराव शपथेवर सांगत होते की ती बाजू आपण काढली आहे.

तारनाक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेली औषधानं जपू. किती दिवस, ते नाही सांगू शकत. आधी कडा जातात, मग आत आत येतं." गाडी चालवायची नाही, हेही सांगितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, या दिवाळीनंतर निघायचं."

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

"तुला येत नाही."

"शिकते."

नातेवाइकांचं म्हणणं एकच होतं: आधी नव्या राज्याचं बस्तान बसू द्या, वर्षा-दोन वर्षांनी जा, हिमालय काय पळून जातोय का? हिमालय पळत नव्हता, खरं आहे. पण तो बघायचे डोळे थांबणार नव्हते, आणि हे कुणाला समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

तारनाक्याच्या रेल्वे वसाहतीमागच्या मोकळ्या रस्त्यावर यादगिरी मास्तर मला शिकवायचे. स्वतःच्या जिवाला घाबरलेला इतका सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा (हळू, बाई, हळू)!" एवढंच त्यांचं अध्यापन. दोनदा कडुनिंबाला धडकले, पण लायसन मिळालं. ते जुन्या राज्याचं. जूनमध्ये नवं राज्य झालं, जुलैत आमची कोरी व्हॅन आली, आणि तिच्या पाटीवर नवी अक्षरं लागली: टीएस, म्हणजे तेलंगणा स्टेट. गल्लीतलं ते पहिलं टीएस. पोरं हात लावून बघून गेली.

आतलं घर उस्मानभाईंनी केलं. त्यांचा धंदा लग्नाच्या कपाटांचा. "आपा, फिकर नक्को करो. ऐसा बनातूं, जहेज की अलमारी बी शरमा जाना." आणि खरंच तसं बनवलं. रस्ता माधवरावांनी आखला. रोजच्या प्रवासाची कागदाची एक लांब पट्टी. मधोमध सरळ रस्ता, दोन्ही अंगांना गावं, घाट, पाणी, पेट्रोल. अक्षरं काळी आणि अंगठ्याएवढी, स्वतःला वाचता येतील अशी. असा नकाशा कुठल्या दुकानात मिळत असेल तर मला दाखवावा.

तर निघालो. मेडचलच्या पहिल्याच गतिरोधकावर मागचे चारही खण एकदम उघडले. लग्नाची कपाटं कधी प्रवास करत नाहीत, त्यामुळे उस्मानभाईंना खिट्ट्या सुचल्याच नव्हत्या. चिवडा आणि गोंगुरा (अंबाडीच्या पाल्याचं लोणचं) यांची गळाभेट झाली. मी परकराच्या नाड्या काढून खण बांधले, आणि ते घर शेवटपर्यंत नाड्यांवरच टिकलं. नागपूर, जबलपूर, प्रयाग, गोरखपूर करत सहाव्या दिवशी दुपारी आम्ही नेपाळच्या सीमेवर उभे राहिलो.

तिथल्या कारकुनानं गाडीची पाटी पाहिली, मग समोरची वही पाहिली, मग मला पाहिलं.

"माताजी, ये टीएस कौन-सा स्टेट है? हमारी लिस्ट में नहीं है."

मी सांगितलं. त्यानं लायसन मागितलं. त्यावर जुनं राज्य. मी माधवरावांना हळूच म्हटलं, "आता हो काय करायचं?" तर तो म्हणाला, "मैं पूना में काम किया हूँ. आप लोग मराठी बोल रहे हैं. गाड़ी एक स्टेट की, लायसन दूसरे का, बोली तीसरे की. सच बताइए, आप हैं कहाँ के?"

आता हा प्रश्न मला नवा नव्हता. पुण्यातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच, "पण तुम्ही मूळचे कुठले?" आणि मी पणजोबांच्या गावाचं नाव पुटपुटते, जे मी पाहिलेलंही नाही. इथं पुटपुटून भागणार नव्हतं. साहेबांना विचारावं लागेल, ते गेले घरी, उद्या शनिवार, म्हणजे सुट्टी, गाडी मागे घ्या, असं तो म्हणत होता. मला नागपूरहून परतायचं ते भावजींचं वाक्य आठवलं. एकदा मागे फिरलो असतो तर घरच्यांनी आम्हाला पुन्हा सोडलं नसतं.

मी तिथंच भूगोलाचा तास घेतला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला आणि नकाराची मान हलवली.

तेव्हा माधवराव म्हणाले, "एक कोरा कागज़ देना, भाई."

नाक कागदाला टेकेल इतके ते वाकले. डाव्या हाताचं बोट कागदाच्या डाव्या कडेशी ठेवलं, कड हरवू नये म्हणून, आणि पेन्सिल लावली. वर पैनगंगा, मग गोदावरीची वळणं, खाली कृष्णा, पश्चिमेची हद्द थेट त्या बोटापर्यंत. कुठं थांबले नाहीत, कुठं खोडलं नाही. आत नद्या, मग जिल्हे, मध्ये हैदराबाद आणि त्यात एक ठिपका. "और ये हमारा घर."

कारकुनानं शेजारच्यांना हाक मारली. तिघं-चौघं कागदावर वाकले. "बिना देखे बनाया?"

"छह महीने से यही बना रहा था," माधवराव म्हणाले.

त्यानं वरिष्ठांना फोन लावला, बोलला, हसला, आणि शिक्का मारला. नकाशा मात्र परत दिला नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवला. फॉर्मवर मुक्कामाचं राज्य लिहिताना त्यानं मला पुन्हा विचारलं, आणि मी जरा मोठ्यानंच सांगितलं, "तेलंगाना. हैदराबाद, चिक्कडपल्ली." चालकाच्या रकान्यात माझं नाव. अंगावर मूठभर मांस चढलं, का नाही चढणार?

पाल्प्याचा घाट म्हणजे सगळी वळणंच. एका वळणावर वरून बस आली आणि मलाच मागे यावं लागलं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. माधवराव उतरले, कड्याला हात लावून मागे उभे राहिले आणि पत्र्यावर थाप मारू लागले: एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. बसचा कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला, "बिस्तारै, दिदी, बिस्तारै!" म्हणजे हळूहळू. देश बदलला तरी मला मिळणारा सल्ला बदलला नव्हता. बस गेली तेव्हा आतल्या बायकांनी खिडकीतून हात हलवले.

पोखऱ्याच्या वर एका चहावालीनं टपरीमागच्या सपाटीवर गाडी लावू दिली. सकाळी मी पडदा सारला, आणि समोर तो होता. छडीनं दाखवलेला, पुस्तकात रंगवलेला, खराखुरा. माधवरावांना हाताला धरून दारातल्या पायरीवर बसवलं आणि चहाचा पेला दिला.

"तू नावं सांग," ते म्हणाले. "मी डावीकडून सुरू करतो. कड सुटायला नको."

मी सांगत गेले. धवलगिरी, अन्नपूर्णा, मग माछापुच्छ्रे, तिथून पार लमजुंगपर्यंत. ते मान अगदी सावकाश फिरवत होते, एका शिखरावर थांबायचे, मग पुढे. जेवढं दिसत होतं तेवढ्या तुकड्यातून सगळी रांग त्यांनी ओलांडली. चहा निवून गेला. मग म्हणाले, "पूरा दिसला. एकदम नाही, पण पूरा."

मला रडू कोसळलं. चहावाली धावत आली. तिला वाटलं चहात काही पडलं.

तराईतून पूर्वेला जाऊन, मधली भारताची चिंचोळी पट्टी ओलांडून आम्ही फुन्शोलिंगला भूतानच्या दारात पोचलो. माधवरावांनी वाटेत तेलंगणाचे पाच नकाशे काढून तयार ठेवले होते, पण परवाना देणाऱ्या तरुण बाईंना त्यांची गरजच पडली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "चलाता कौन है?" मी हात वर केला. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पुरुषांना सांगितलं, "इनको देखो. कहाँ से चलाके आई हैं!" पारोला नदीकाठी, सफरचंदाच्या बागेशेजारी चार दिवस राहिलो. तिथं हॉर्न कुणी वाजवत नाही. हैदराबादी हाताला हॉर्नपासून लांब राहायला दोन दिवस लागले. बागेच्या मालकांनी एमा दात्शी (चीजमधली नुसती मिरच्यांची भाजी) वाढली आणि आमचे डोळे कधी भरतात ते बघत बसले. गोंगुऱ्यावर वाढलेली माणसं आम्ही. दोघांनीही पुन्हा मागून घेतली.

डिसेंबरात घरी पोचलो. गाडी गल्लीत वळली तेव्हा श्रीपाद भावजी बाहेरच होते. टायर बघितले, पाटी बघितली, मग घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, आमच्या हिला भद्राचलम बघायचं आहे. तुम्हाला जमेल तेव्हा." मी बघू म्हटलं. एवढा भाव खायचा हक्क होता मला.

दुसऱ्या आठवड्यात माधवरावांना तारनाक्याला तपासणीला नेलं. अंधाऱ्या खोलीत बसवतात, दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ बटणाचा आवाजच होत नव्हता, मी बाहेर कान लावून बसले होते. डॉक्टरांनी आधीचा कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. काळं बरंच आत आलं होतं. "या साली जाऊन आलात ते बरं केलंत," ते म्हणाले. "पुढच्या साली मी एवढ्या खात्रीनं पाठवलं नसतं."

येताना विद्यापीठाच्या झाडांखालच्या रस्त्यानं गाडी घेतली. सिग्नलला थांबले की मी त्यांच्याकडे बघत होते.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "समोर बघ. दोघांपैकी एकाला तरी नीट दिसायला पाहिजे."

मी समोर बघितलं. सिग्नल हिरवा झाला होता, मागची सगळी हॉर्न वाजवत होती. वाजवू देत. माझ्या शेजारी हिमालय बघून आलेला माणूस बसला होता, आणि त्याला तिथं मी नेलं होतं.