नळाला पाणी येतं

कामतघरच्या एका दवाखान्यात मी तिला एकदाच भेटलो. साठीची बाई, माझ्या शेजारी बाकड्यावर बसलेली. बोलताना ती समोरच्याचं मनगट धरायची आणि बोलणं पुरं झाल्याशिवाय सोडायची नाही.

भिंतीवरच्या टीव्हीवर बातमी चालू होती. सरकारी वाहिनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता. बातम्या एकतर्फी दाखवल्याच्या आरोपांची जबाबदारी त्यांनी स्वीकारली होती.

तिने माझं मनगट धरलं.

"हेच लोक आमच्या चाळीत आले होते. मी सांगितलं, नळाला पाणी येतं, पण पिण्यासारखं न्हाय, पोरं आजारी पडतात. टीव्हीवर दाखवलं, नळाला पाणी येतं. बस, तेवढंच! चाळीतल्या बायांना वाटलं, मी फितूर झाले. पाण्याच्या मोर्चाला मला बोलावलंच न्हाय. शेजारीण अजून बोलत न्हाय."

"तुम्ही त्यांना समजावलं नाही?"

"दारोदार जाऊन सांगितलं. पण त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं हाय ना!"

कंपाउंडरने हे ऐकलं. तो हसत म्हणाला, "मग आता खूश ना, मावशी? साहेब तर गेला."

"साहेब गेला, तं आता माझं पुरं बोलणं दाखवणार हायत का?"

कंपाउंडर पुन्हा गोळ्यांच्या पुड्या बांधू लागला. तेवढ्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

पुढे बरेच दिवस मी त्या वाहिनीच्या बातम्या लक्ष देऊन बघितल्या. नवे प्रमुख आले. निष्पक्ष बातम्यांवर ते छान बोलले. कामतघरच्या चाळीत पुन्हा कॅमेरा घेऊन कोणी गेल्याचं काही दिसलं नाही.